त्रेचाळीस कामकरी आणि एक राणी

आमच्या घरातल्या मुंग्या मोजलेल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. त्रेचाळीस कामकरी आणि एक राणी. लोकांच्या घरात मुंग्या असतात, आमच्या घरात त्या पटावर होत्या. चौऱ्याहत्तर सालच्या मे-जून महिन्यांत सांगलीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये माझ्याविषयी जे काही बोललं गेलं, त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मी स्वतःच अर्जात लिहून दिलं होतं.

मुंग्या माझ्या मेहुण्याच्या, शरच्चंद्राच्या. तो साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, तीन वर्षं तात्पुरता. चौदा जूनला बाहेरगावचे एक तज्ज्ञ येऊन त्याचं संशोधन पाहणार होते. पसंत पडलं तर शरद कायम, नाही तर कॉलेजला नवा तात्पुरता माणूस. वाईच्या एका मुलीच्या वडिलांनीही ‘कायम झालात की एक कार्ड टाका’ असं सांगून ठेवलं होतं, म्हणजे नोकरी आणि संसार दोन्ही त्या एका तारखेवर टांगलेले. आणि संशोधन म्हणजे हीच मंडळी. त्यात प्राचार्यांनी नेमकं मे महिन्यात त्याला दीड महिन्याच्या शिबिराला बंगलोरला पाठवलं. कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप, त्याच्या खोलीवरचा पत्रा तापून लाल. तेव्हा तो घरटं घेऊन थेट सांगलीला आला, ते बहिणीच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे एकदा पाहून तिला म्हणाला, “ताई, हे तूच सांभाळ. दाजींना जमायचं नाही.”

हे वाक्य त्यानं उच्चारलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी आस्थापना शाखेचा हेडक्लार्क. बावीस वर्षं एकशे सहा माणसांची हजेरी, रजा आणि बदल्या सांभाळणाऱ्या माणसाला चव्वेचाळीस मुंग्या जमायच्या नाहीत? मी तिथल्या तिथे ताबा घेतला आणि शरदला पोच लिहून दिली.

घरटं म्हणजे शाळकरी पाटीएवढा प्लॅस्टरचा ठोकळा. त्यात कोरलेल्या तीन खोल्या, त्यांना जोडणारी बोळं, वर काच. दिवसातून तीनदा एका कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब सोडायचे. कोरडं पडलं तर मंडळी मरतात, ओलं झालं तर बुरशी येते. मुंग्या खसखशीच्या दाण्याहून जरा लांब, पण भिंगातून पाहिलं की अंगावर काटा यायचा. डोक्यापुढे चिमट्यासारखे जबडे. ते पुरते फाकवून त्या एका जागी उभ्या राहायच्या, दहा-दहा मिनिटं ढिम्म. भक्ष्य टप्प्यात आलं की खट्. साखर, गूळ, भाताचं शीत यांच्याकडे ढुंकून पाहायच्या नाहीत. शिकार जिवंत हवी आणि ती स्वतः केलेली हवी. टेबलामागे न हलता बसून कोणीतरी टप्प्यात येण्याची वाट पाहणारी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे मला या मंडळींविषयी पहिल्याच दिवशी आपलेपणा वाटला.

पहिला प्रश्न जागेचा. या शिकारी मुंग्यांना धोका असतो तो साध्या मुंग्यांचा. घरातल्या लाल मुंग्यांना पत्ता लागला तर तासाभरात राणीसकट सगळा कारभार आटोपतील, असं शरद बजावून गेला होता. आणि राणी गेली की सगळंच गेलं. आता आमच्याकडच्या घरात मुंगी पोचत नाही अशी जागा एकच, दुभत्याचं कपाट. जाळीची दारं, चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. माझी बायको चारुशीला आंघोळीला गेलेली पाहून मी दूध, साय आणि लोण्याचा सट बाहेर काढला आणि मंडळींना मधल्या फळीवर बसवलं. ती बाहेर आली, केस पुसता पुसता कपाटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मुंग्या येऊ नयेत म्हणून माझ्या आईनं हे कपाट दिलं होतं.”

मी म्हटलं, बरोबर आहे, मुंग्या येऊ नयेत म्हणूनच त्यांना आत ठेवलं आहे.  दूध त्या दिवशी शिंक्यावर गेलं, दुसऱ्या दिवशी मांजराच्या पोटात, आणि तिसऱ्या दिवसापासून आम्ही कोरा चहा प्यायला लागलो. चारुशीलानं तक्रार अशी कधी केली नाही. ती फक्त येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवायची आणि तो कारण विचारेपर्यंत समोर उभी राहायची.

दुसरा प्रश्न खाण्याचा. या मंडळींना लागतात पांढरे, उड्या मारणारे, टिंबाएवढे किडे. शरदनं त्यांचं लॅटिन नाव एका कागदावर लिहून दिलं होतं, पण मी त्यांना टिंबं म्हणत असे. टिंबं राहतात ओलसर, कुजक्या पाल्याखाली. मे महिन्याच्या सांगलीत ओल कुठे असणार? पूर्ण क्वार्टर्समध्ये ओली जागा एकच होती, ती म्हणजे शेजारच्या गोदावरीकाकूंच्या मोरीचं पाणी जिथे जातं ते अळूचं आळं. रोज सकाळी साडेसहाला मी तिथे गुडघ्यांवर बसायचो. हातात कुंचला, तोंडात नळी. नळीचं असं, की एका बाटलीच्या बुचाला दोन नळ्या असतात. एक तोंडात धरायची, दुसरी टिंबावर रोखायची आणि श्वास आत ओढायचा, की टिंब बाटलीत. तोंडाकडच्या नळीला जाळी असते म्हणून ते पुढे येत नाही. ही जाळी एकदा सुटली होती. त्या सकाळविषयी मी अधिक लिहीत नाही.

हेडक्लार्क रोज सकाळी चिखलात गुडघे टेकून काहीतरी शोधतो आहे, हे पाहून सल्ले सुरू झाले. समोरच्यांनी हरवलेली वस्तू कुठल्या दिशेला आहे ते सांगणारे मिरजेचे एक गृहस्थ सुचवले. वरच्या मजल्यावरच्यांनी अंगठी असेल तर चाळणी वापरा म्हणून चाळणीच आणून दिली. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी नळी पाहून हा दम्याचा उपचार धरला आणि माझ्या शेजारी त्यांच्या भावालाही बसवण्याची परवानगी मागितली. गोदावरीकाकूंना मात्र निराळाच संशय होता. त्या रोज माझ्या आधी आणि माझ्या नंतर अळूची पानं मोजायच्या.

शेवटी मी काकूंना खरं सांगितलं. मुंग्या पाळल्यात म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मी इतका धार्मिक असेन असं त्यांना वाटलं नव्हतं, असं त्या चारुशीलाला दोनदा म्हणाल्या.

संध्याकाळी सहाला मी मंडळींची हजेरी घेत असे. भिंग घेऊन खोलीवार मोजणी, मग वहीत नोंद : हजर, शिकारीवर, आणि शिकार किती. पहिले तीन आठवडे संख्या त्रेचाळीस अधिक एक अशी अचूक जुळली. एकशे सहा माणसांच्या कचेरीत असा एकही दिवस मला मिळाला नव्हता.

आता कृष्णातविषयी सांगायला हवं. कृष्णात आमच्या शाखेचा शिपाई, मूळचा वडूजकडचा, मागच्या चाळीत राहणारा. आदल्या वर्षी त्यानं तिथे शेळी बांधली होती. सरकारी निवासस्थानात पूर्वपरवानगीशिवाय पशुपक्षी पाळता येत नाहीत, हे कलम सांगून मी त्याला ती हलवायला लावली होती. माझं त्यात काही वैर नव्हतं, कलम होतं. एका सकाळी मी अळवात बसलेलो असताना कृष्णात बाजूला येऊन उकिडवा बसला. त्यानं बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, सगळी हकीकत नीट ऐकून घेतली आणि फार आदरानं विचारलं, “भाऊसाहेब, ह्ये बी जनावरातच मोडतं न्हवं?”

एवढंच बोलून तो गेला. पण माझा दिवस वाया गेला. कलमात शेळी हा शब्द नव्हता, पशुपक्षी होता. मुंगी पक्षी नाही हे उघड होतं. ती पशू आहे की नाही यावर मी दुपारपर्यंत विचार केला आणि माझ्यासारख्यानं शंकेचा फायदा स्वतःला घेणं बरं नव्हे, असं ठरवून परवानगीचा अर्ज लिहायला बसलो.

इथे माझ्या एका दोषाची कबुली द्यायला हवी. मला चांगलं मराठी येतं. शासनाचा कारभार मराठीत आणण्याचे ते दिवस होते आणि आमच्या कचेरीत त्या कामाचा झेंडा माझ्या खांद्यावर होता. ‘मस्टर’चं ‘हजेरीपट’ मी केलं, ‘स्टेपलर’ला शब्द सुचला नाही म्हणून दोन महिने टाचण्या वापरायला लावल्या. अशा माणसानं अर्जात ‘मुंग्या’ कसं लिहावं? मी ‘विषय’ या शब्दापुढे लिहिलं, ‘पिपीलिका-पालन’. आणि खाली :

‘अर्जदाराच्या निवासस्थानी ४३ कामकरी (सर्व स्त्री) व १ राणी यांची वसाहत तात्पुरत्या स्वरूपात वसविण्यात आली आहे. सदर कामकरी अर्जदाराच्या मेहुण्याच्या असून तो परगावी असल्याने त्यांच्या उदरनिर्वाहाची व्यवस्था अर्जदार स्वतः भल्या सकाळी करतो. राणीस बाहेर सोडले जात नाही. तरी परवानगी मिळावी.’

एक शब्द खोटा नव्हता. कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात, शरदनंच सांगितलं होतं. अर्ज वरच्या कचेरीकडे गेला आणि मी निर्धास्त झालो.

त्याच शनिवारी गोदावरीकाकू आल्या. मी कचेरीत, चारुशीला गिरणीवर. दार नुसतं लोटलेलं. काकूंनी आमच्या उपाशी मुंग्यांसाठी वाटीभर साखर आणि रवा आणला होता. कपाट उघडून त्यांनी तो फळीवर पेरला, नमस्कार केला आणि हात पुसायला घेतलेलं फडकं कपाटावर टाकून गेल्या. फडक्याचं एक टोक भिंतीला टेकलं. लाल मुंग्यांना एवढा पूल पुरला.

मी साडेपाचला घरी आलो तेव्हा भिंतीवरून रांग लागली होती. चारुशीला ओचा खोचून स्टुलावर उभी होती. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात माझं भिंग. तिनं मला फक्त एवढं सांगितलं, की राणी मागच्या खोलीत आहे, दारात आपल्या सहाजणी जबडे उघडून उभ्या आहेत, आणि तुम्ही तिथे उभे राहून मोजू नका, पाणी आणा. ‘आपल्या’ हा शब्द तिनं तेव्हा पहिल्यांदा वापरला. पाऊण तास आम्ही लढलो. मग ठोकळा पाण्याच्या परातीत वाटीवर ठेवला आणि मी हजेरी घेतली. राणी हजर. कामकरी चौतीस. नऊ कामी आल्या होत्या. मी वहीत तशी नोंद केली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका नोंदीवर माझ्या हातून पाण्याचा थेंब पडला. तो परातीतला होता.

काकूंना आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन विचारलं, मुंग्यांनी प्रसाद घेतला का. चारुशीला म्हणाली, घेतला, पाहुण्यांनाही बोलावलं होतं.

चार दिवसांनी कृष्णात टपाल घेऊन वरच्या कचेरीत गेला होता तो परत आला, आणि माझ्या टेबलाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. तिकडं लय बोलबाला झालाय म्हणाला. पिपीलिका म्हणजे काय हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मोठ्या साहेबांनी ते एखाद्या महिला संस्थेचं नाव धरलं होतं. बाकी अर्ज मात्र स्वच्छ मराठीत असल्यामुळे सगळ्यांना समजला होता. हेडक्लार्कनं दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्रेचाळीस बाया ठेवल्या आहेत. त्या मेहुण्याच्या आहेत. आणि राणी नावाच्या एकीला तो बाहेर सोडत नाही.

खुलासा लिहायला कागद पुढे ओढेपर्यंत घरून निरोप आला, की चौकशी दारात येऊन उभी आहे. मी सायकल हाणत पोचलो. शेडबाळे नावाचे निवृत्तीला आलेले एक अधिकारी, त्यांच्यामागे दोन पंच, आणि पंचांमागे क्वार्टर्समधली झाडून सगळी माणसं. शेडबाळेंची नजर दोन खोल्यांवरून फिरली, त्यांनी मनातल्या मनात काही भागाकार केला आणि मोठ्या संकोचानं चारुशीलाला विचारलं, की वहिनी, त्या… राणीबाई कुठे असतात?

अर्ज कसा वाचला गेला आहे हे तिला सकाळीच काकूंकडून कळलेलं होतं. ती पदर सावरून म्हणाली, “या ना, आत कपाटात आहेत.”

शेडबाळेंना खाली बसावं लागलं. कोरा चहा दिला. मग मी भिंग त्यांच्या हातात ठेवलं आणि दोन टिंबं घरट्यात सोडली. एक टिंब चाचपडत एका कामकरणीसमोर आलं, थबकलं. ती हलली नाही. ते आणखी जरा पुढं सरकलं. खट्. शेडबाळे दचकले आणि मग अर्धा तास भिंगावरून उठले नाहीत. मध्येच त्यांनी एका पंचालाही बोलावलं आणि त्यांच्यात थोडी ढकलाढकलही झाली.

पण माणूस कर्तव्याला पक्का. अर्जात त्रेचाळीस आहेत, जागेवर चौतीस भरतात, मग नऊजणी कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मयत, मी म्हटलं. कशानं? लढाईत. मृत्यूचे दाखले? मी वही दाखवली. त्यांनी ती पानोपान पाहिली, वाखाणली आणि खाली ‘पाहिले’ असं लिहून सही केली. जाताना म्हणाले, काळजी नको, मी अहवालात सरळ मुंग्या असंच लिहितो.

लिहिलंही त्यांनी. पण अहवाल त्यांच्या जागेहून निघाला आणि आदेश त्याआधीच मोठ्या साहेबांच्या जागेहून निघाला होता. आमच्याकडे दोन कागदांची वाटेत गाठ पडत नाही. आदेश सात जूनला माझ्या हाती पडला : ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर राणीने निवासस्थान सोडू नये. कामकऱ्यांच्या संख्येत वाढ अगर घट होऊ देऊ नये.’

घट मी थांबवली असती, पण वाढ कशी थांबवू? आदल्याच दिवशी तीन नव्या कामकरणी कोशातून बाहेर आल्या होत्या. आणि त्याच टपालानं शरदचं पत्र आलं, की तो तेराला परस्पर साताऱ्याला उतरतो आहे, तज्ज्ञ चौदाला सकाळी अकराला येतील, मंडळींना घेऊन तुम्हीच या. खाली तळटीप होती : ‘राणी जिवंत आहे ना? नसेल तर आत्ताच सांगा, वाईला तसं कळवतो.’

मी मोठ्या साहेबांना भेटायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा ते दौऱ्यावर. शेडबाळे म्हणाले, फाइल आता वर गेली, माझ्या हातात काही नाही, पण राणीला माझा नमस्कार सांगा. म्हणजे एका बाजूला आदेश, दुसऱ्या बाजूला मेहुण्याची उभ्या जन्माची नोकरी. कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदाची काय मातबरी. पण मी आयुष्यात एकदाही आदेश मोडला नव्हता. मोडणाऱ्यांना मेमो देणं हेच माझं काम होतं. बारा तारखेला मी चारुशीलाला सांगितलं, की शरदला तार करतो, येणं जमत नाही.  तिनं कपाट उघडलं आणि पाण्याचे चार थेंब मोजून कोपऱ्यात सोडले. दुपारचं पाणी मी विसरलो होतो.

तारेचा मजकूर घेऊन मी कृष्णातला हाक मारली. त्यानं तो वाचला. मग आदेश मागितला, तोही वाचला, ओठ हलवत, दोनदा.

“भाऊसाहेब, हितं निवासस्थान म्हंजी कुनाचं?”

“राणीचं. म्हणजे माझं.”

“तुमचं कसं? सदर राणीनं निवासस्थान सोडू नये म्हनलंय. तिचं घर म्हंजी त्यो प्लॅस्टरचा ठोकळा. ती घर सोडतीया कुठं? घरासकट चाललीया की.”

मी आदेश हातात घेऊन पुन्हा वाचला. बावीस वर्षं मी कागद वाचत होतो. मागच्या चाळीतली ती शेळी जाण्याआधी कृष्णातनं मला तो नियम एकदा वाचायला मागितला होता आणि मी दिला नव्हता, हे मला त्या वेळी आठवलं. दिला असता तर शेळी अजून तिथेच असती.

चौदाला पहाटेच्या एसटीनं मी निघालो. मांडीवर लाकडी खोकं, खोक्यात ठोकळा, ठोकळ्याभोवती ओला पंचा. कंडक्टरनं विचारलं काय आहे, मी म्हटलं, घर. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे गेला. इस्लामपूर ओलांडेपर्यंत सगळं ठीक. कऱ्हाडला गाडी पाऊण तास उन्हात उभी राहिली. मी पंचा भिजवला, राणीला सावलीत धरलं, पण टिंबांची बाटली खिडकीशी राहून गेली. साताऱ्याला उतरून पाहतो, तर बाटलीतल्या सगळ्या टिंबांनी मान टाकलेली.

शरद कॉलेजच्या दारातच उभा होता, दीड महिन्यात बराच वाळलेला. त्यानं खोकं घेतलं, काचेतून पाहिलं, राणी हलताना दिसली आणि त्याचे खांदे खाली आले. तेवढ्यात तज्ज्ञ आले. उंच, कडक इस्त्रीचे, बोलायला कमी. त्यांनी शरदचे कागद चाळले, ते सगळं ठीक आहे म्हणाले, पण या मुंग्या बंदिस्त घरट्यात नियमित शिकार करतात हा तुमचा मुख्य दावा, तो मला डोळ्यांनी पाहायचा आहे. त्यांची कोल्हापूरची गाडी साडेबाराला होती. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

शरदनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटली खिशातल्या खिशात दाबली आणि बाहेर पडलो.

वसतिगृहाच्या न्हाणीमागे केळी लावलेल्या असतात, हे सगळीकडे सारखंच असतं. मी कोट काढून फांदीला अडकवला, गुडघे टेकले, केळीचं कुजकं सोपट उचकटलं आणि नळी तोंडात धरली. सुट्टीतही राहिलेली दहा-बारा पोरं गोळा झाली. कोणीतरी शिट्टी मारली. दीड महिना अळवात काढलेल्या माणसाला त्याचं काय? सात मिनिटांत अकरा टिंबं मिळाली. तसाच, चिखलाच्या गुडघ्यांनी, प्रयोगशाळेत शिरलो आणि तीन टिंबं घरट्याच्या दारातून आत सोडली.

मंडळी प्रवासानं बिथरलेली होती. एक टिंब एकीच्या अगदी पुढ्यातून गेलं, ती फिरून आत गेली. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. शरदच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी कोपऱ्यात दोन थेंब सोडले. मंडळींना घसा ओला लागतो, हे मला ठाऊक होतं. मग मधल्या खोलीच्या दाराशी एक आली, थांबली. जबडे हळूहळू उघडले. टिंब आलं, थबकलं, पुढं सरकलं.

खट्.

“वा,” तज्ज्ञ म्हणाले. दुसरी शिकार झाली, तिसरीही झाली. रोज सरासरी किती? त्यांनी शरदला विचारलं, पण उत्तर माझ्या तोंडून गेलं. सात, साहेब, ऊन फार असलं तर पाच. ओल किती द्यावी लागते? मीच सांगितलं. नव्या कधी बाहेर आल्या? सहा जूनला तीन, दहाला एक, साहेब. त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. चिखलाचे गुडघे, गळ्यात लोंबणारी नळी, अंगात कोट नाही. मग ते शरदकडे वळले.

“तुमचं काम उत्तम आहे. मी तसं लिहितो. आणि असा शिपाई प्रयोगशाळेला सहजासहजी मिळत नाही. कायम आहे का हा?”

शरदनं तोंड उघडलं. तो काय सांगणार होता, ते मला कळलं. हे शिपाई नाहीत, माझे दाजी आहेत, सांगलीला हेडक्लार्क आहेत. आणि मग पुढचा प्रश्न आला असता, की संशोधनाचं साहित्य दीड महिना मेहुण्याच्या दुभत्याच्या कपाटात काय करत होतं. बावीस वर्षांची नोकरी, एकशे सहा माणसं, भाऊसाहेब म्हणून दबून बोलणारी अख्खी कचेरी माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी एक पाऊल पुढे झालो, हात मागे बांधले.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “अजून तात्पुरताच आहे.”

घरी पोचायला दिवेलागण झाली. चारुशीला दारातच होती. माझे गुडघे, माझा कोट, मोकळे हात, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं आणि विचारलं, काय म्हणाले ते?

मी चप्पल काढली.

“दोघांनाही कायम करा म्हणाले.”